झादिनांच्या पिकअपचा गिअरबॉक्स

१

मंगळवारी सकाळी साडेसातला अर्लीन झादिनाचा फोन आला. म्हणाली, "ड्वेन, आमच्या पिकअपमधून कोंबडी दिसतेय."

मी म्हटलं, "काचेतून?"

"जमिनीतून. म्हणजे गाडीच्या तळातून. तू ये आधी."

मी आमच्या काउंटीचा डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस. नेब्रास्कातल्या या कोपऱ्यात माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि गुरं सहसा गुन्हे करत नाहीत. त्यामुळे कोंबडीसाठीही मी जातो.

गेलो तर झादिनांची निळी पिकअप अंगणात चाकांखाली लाकडी ठोकळे लावून उभी. अर्लीन गाडी हलवायला म्हणून आत बसली होती. क्लच दाबला आणि गिअरच्या दांडीकडे हात नेला, तर हातात नुसती हवा. दांडीच्या जागी थाळीएवढं भोक होतं आणि त्या भोकातून खालची कोंबडी तिच्याकडे मान वाकडी करून बघत होती.

मी गाडीखाली शिरलो. इंजिन होतं, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा होता, मधलं काहीच नव्हतं. दोनशे पाउंडांचा गिअरबॉक्स कुणीतरी काढून नेला होता. हल्ली नव्या पिकअपना हातानं टाकायचे गिअर येतच नाहीत, त्यामुळे असा जुना, धडधाकट बॉक्स मिळवायला लोक तीन-तीन राज्यं पालथी घालतात.

अर्लीनचा नवरा लुमीर कॉफीचा कप घेऊन पायरीवर उभा होता. वय अडुसष्ट, बोलणं कमी.

"काल दिवसभर कुठं होतात?" मी विचारलं.

"इथंच. मागच्या शेतात."

"मी चर्चमध्ये गोधड्या शिवायला," अर्लीन म्हणाली. "संध्याकाळी आले, गाडीकडे बघितलंही नाही. पण कोण हे सांगायला मला पोलीस लागत नाही. रेमंड."

लुमीरनं कॉफीचा घोट घेतला.

रेमंड म्हणजे लुमीरचा धाकटा भाऊ. दोघांनी एकाच वर्षी, एकाच कंपनीची, एकाच निळ्या रंगाची पिकअप घेतली. लुमीरची पेट्रोलवर, रेमंडची डिझेलवर. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे वडील जानेवारीत वारले. पुरायच्या दिवशी इतकी थंडी होती की रेमंडच्या गाडीतलं डिझेल गोठून शेवयांच्या खिरीसारखं झालं. त्याला लुमीरच्या गाडीत बसून दफनभूमीवर जावं लागलं. पूर्ण वाटेत कुणी बोललं नाही. उतरताना लुमीरनं गाडीच्या टपावर थाप मारली आणि एकच शब्द उच्चारला, "पेट्रोल."

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. लुमीर कदाचित विसरलाही असता, पण अर्लीननं नवऱ्याची बाजू अशी काही घट्ट धरली की अकरा वर्षांत तिनं जावेच्या घरी कोलाचचा, आमच्याकडच्या फळं भरलेल्या गोड पावाचा, तुकडाही पाठवला नाही.

"आणि रेमंडचा गिअरबॉक्स परवाच फुटलाय," अर्लीन म्हणाली. "आख्ख्या गावाला माहीत आहे."

खरं सांगतो, मला वाटलं, जेवणाच्या आत काम संपलं.

२

माझी लोरीन मावशी एक्केचाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. तिला माणसांची नावं आठवत नाहीत, त्यांच्या गाड्यांचे बेअरिंग नंबर आठवतात. माझ्या बायकोला ती अजून "ती लाल हॅचबॅक" म्हणते. यंत्रातलं काही अडलं की मी तिला उचलून नेतो. गुन्ह्यातलं अडलं तर ती स्वतःच गाडीत येऊन बसते.

बहात्तराव्या वर्षी ती झादिनांच्या गाडीखाली पाठीवर सरपटत गेली. फक्त बूट बाहेर.

"ड्वेन, चोरानं तेल कुठं सांडलं?"

"सांडलेलं नाही. कॉफीच्या मोठ्या डब्यात काढून वर झाकण लावलंय. तो बघ, चाकाजवळ."

"हं. बोल्ट?"

"कसले बोल्ट?"

"काढलेले बोल्ट परत आपापल्या भोकात हातानं फिरवून ठेवलेत. आणि मागच्या दांड्याच्या तोंडाला पिशवी बांधलीय, धूळ जाऊ नये म्हणून." गाडीखाली जरा खडखड झाली. मग म्हणाली, "इंजिनाला लागून ते घंटेसारखं झाकण असतं ना, क्लचवरचं, तेही इथंच ठेवलंय. नुसता बॉक्स नेलाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला हात दे आणि बाहेर ओढ."

अर्लीननं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि जर्दाळूचे कोलाच पुढं केले. मावशीचे हात ग्रीसनं काळे. अर्लीननं तिला हात पुसायला टॉवेल दिला आणि ओशाळून म्हणाली, "शनिवारचा आहे, राग मानू नकोस. आज मंगळवारचा कुठं गेलाय कळत नाही."

अर्लीनच्या घरी सात टॉवेल होते, सातांवर सात वारांची नावं रेशमानं भरलेली. तिच्या आईनं लग्नात दिलेले. बुधवारी बुधवारचाच निघतो आणि रविवारच्याला कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

मी मात्र दुसऱ्या कोलाचकडे बघत होतो.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "रेमंडकडे जाऊ."

"आधी क्राउज," मावशी म्हणाली.

डेंटन क्राउजचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. गेली दोन वर्षं तो लुमीरच्या मागं लागला होता की ती पेट्रोलची पिकअप मला विक. त्यानं आम्हाला बघून आधी कुत्रं बांधलं, मग स्वतःची तक्रार सांगितली.

"मी चोरीन? लोरीन, माझ्याकडे दोन वर्षांत हातानं टाकायच्या गिअरचा एक बॉक्स आलेला नाही. एक आला असता तर मी तो घरात, पलंगाखाली ठेवला असता. हवं तर बघ."

मावशीनं खरंच त्याचा पलंग बघितला. खाली दोन कार्बुरेटर आणि त्याच्या बायकोचे हिवाळी बूट निघाले.

३

बुधवारी सकाळी मी पेट्रोल पंपावर उभा होतो आणि माझ्या समोरून रेमंड झादिनाची डिझेल पिकअप घरघरत गेली. तीच, जिचा गिअरबॉक्स फुटला होता.

मी दुकानातून मावशीला घेतलं आणि मागं लागलो. रेमंड कालव्याकाठच्या सूर्यफुलांजवळ थांबला होता. तो मधमाशा पाळतो. चाळीस पेट्या तिथं ओळीनं मांडलेल्या होत्या आणि तो रिकामा ट्रेलर त्यांच्याजवळ लावत होता.

"गाडी चालायला लागली म्हणायची," मी म्हटलं.

"चालते." हेही झादिनाच.

"बॉक्स कुठून आणलात?"

"ओल्टमन्स मेकॅनिकनं बसवला. क्राउजच्या यार्डातून आणला म्हणाला."

मी मावशीकडे बघितलं. ती पेट्यांकडे बघत होती. "या कधी हलवायच्या?" तिनं विचारलं.

"उद्या पहाटे. माशा आत असतात तेव्हा दारं बंद करून. उद्या सात वाजता शेजारच्या मक्यावर विमानातून औषध मारणार आहेत. तोवर या दहा मैल लांब गेल्या पाहिजेत." त्यानं टोपी काढली आणि परत घातली. "रविवारी बॉक्स फुटला तेव्हा मी बायकोला, बेव्हला म्हटलं होतं, संपलं आता. तेहेतीस वर्षं सांभाळलेला वंश आहे हा."

"दुसऱ्या कुणाची गाडी मागायचीत."

"दहा हजार पाउंडांचा ट्रेलर ओढणारी गाडी इथं किती जणांकडे आहे? ज्यांच्याकडे आहे ते सगळे मक्यात अडकलेत." एक नाव त्यानं घेतलं नाही. आम्हीही घेतलं नाही.

तेवढ्यात माझ्या मानेला माशी चावली आणि खिशातला फोनही वाजला. फोनवर शेरीफसाहेब. अर्लीननं त्यांना सकाळपासून तीन वेळा गाठलं होतं.

"ड्वेन, रेमंडची गाडी रस्त्यावर फिरतेय म्हणे. मग तू काय करतोयस? आज संध्याकाळपर्यंत तो बॉक्स जप्त कर. गाडीसकट."

मी फोन ठेवला. रेमंड ट्रेलरचा आकडा गाडीला अडकवत होता. मी मावशीला गाडीत बसायची खूण केली. मान सुजायला लागली होती.

४

"जप्त काय करणार?" मावशी वाटेत म्हणाली. "तुला गाडीतला फरक तरी माहीत आहे का?"

"दोन्ही बॉक्स सारखेच असतात. बाहेरून तर हुबेहूब."

"बाहेरून. आतले गिअरही तेच, एकाच वर्षाचे म्हणून दातही तितकेच. पण इंजिनाकडून जो आस आत शिरतो ना, तो पेट्रोलला बारीक आणि डिझेलला जाड. डिझेलचा दणका जास्त. पेट्रोलचा बॉक्स उचलून डिझेलला लावायला गेलास तर तो बारीक आस त्या क्लचमध्ये खुळखुळेल, लहान मुलानं बापाचे बूट घातल्यासारखा. ते घंटेसारखं झाकणही वेगळं. म्हणून तर ते चोरानं ठेवून दिलं. त्याला माहीत होतं की बॉक्स डिझेलच्या गाडीत जाणार."

"मग बसला कसा?"

"रेमंडच्या फुटलेल्या बॉक्सचा जाड आस शाबूत असला, तर तो काढून लुमीरच्या बॉक्समध्ये घालायचा. पुढून निघतो. पण त्यासाठी दोन्ही बॉक्स एका टेबलावर पाहिजेत."

"ओल्टमन्सचं टेबल," मी म्हटलं.

"आता कशी मान दुखायची थांबली तुझी."

वेड ओल्टमन्स पस्तिशीतला, आमच्या भागातला सगळ्यात चांगला मेकॅनिक. त्याच्या शेडमध्ये रेमंडचा फुटलेला बॉक्स उघडा पडला होता. आतला पाचवा गिअर सुटून सगळ्याचा भुगा केलेला. पुढचा आस जागेवर नव्हता.

"वेड," मी म्हटलं, "क्राउज म्हणतो त्यानं तुला काही विकलं नाही."

वेडनं पाना पुसला. खाली ठेवला. परत उचलून पुसला.

"क्राउजचं काय ऐकतोस," तो म्हणाला.

"मग बॉक्स कुठून आला?"

"ते मी सांगणार नाही."

मावशी एव्हाना फळ्या धुंडाळत होती. रंगाच्या डब्यांमागून तिनं एक गुंडाळी काढली. उलगडली. आत हातभर लांबीचा एक बारीक आस, तेल लावून चकचकीत केलेला. लुमीरच्या बॉक्सचा. मग तिनं ज्यात तो गुंडाळला होता ते कापड उजेडाकडे धरलं. पांढरा टॉवेल, आणि त्यावर निळ्या रेशमानं भरलेलं: मंगळवार.

"आणि घरात शिरून टॉवेलही चोरलास?" मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटलं. वेड माझ्या धाकट्या भावाबरोबर शाळेत होता. "गाडीत बस वेड. तुला न्यावं लागेल."

वेडनं अंगावरचा डगला काढून खुंटीला अडकवला आणि माझ्या गाडीकडे चालायला लागला.

५

"ड्वेन, थांब जरा," मावशी म्हणाली. ती उलट्या बादलीवर बसली होती, मांडीवर टॉवेल. "तू चोर आहेस असं समज. दोनशे पाउंडांचा बॉक्स दुसऱ्याच्या अंगणातून पळवतोयस. तेल डब्यात भरून झाकण लावशील?"

"नाही."

"बोल्ट परत जागच्या जागी फिरवशील? धूळ जाऊ नये म्हणून पिशवी बांधशील?"

"कशाला?"

"तेच विचारतेय. हे सगळं तोच करतो ज्याला बॉक्स परत तिथंच बसवायचा आहे. आणि हा बारीक आस. रेमंडला याचा उपयोग नाही, वेडला नाही. चोरानं भंगारात टाकला असता. याला तेल लावून जपून ठेवलाय, कारण बॉक्स घरी परत जाईल तेव्हा हा लागणार."

वेड दारात उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"आता हा टॉवेल," मावशी म्हणाली. "अर्लीनच्या स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात असतो. अंगणात आलेला चोर स्वयंपाकघरात जाऊन, चांदीचे चमचे सोडून, मंगळवार उचलणार? हा घरातल्यानंच काढला. अर्लीननं काढला असता तर तिनं सगळ्या काउंटीला फोन केले नसते. मग त्या घरात उरलं कोण?"

मी मनात त्या घरातली माणसं मोजली.

"मालक," मी शेवटी म्हटलं.

"वेड," मावशी म्हणाली, "तू शब्द दिला होतास, तो पाळलास. बोलले ती मी. आता डगला घाल."

वेडनं सुस्कारा टाकला. "सोमवारी दुपारी आला होता. म्हणाला, बॉक्स काढायला चल, अर्लीन गोधड्या शिवतेय तोवर. रेमंडला कळता कामा नये. मी म्हटलं तुमच्या गाडीचं काय, तर म्हणाला मला सध्या कुठं जायचं नाहीये."

आम्ही लुमीरला मागच्या शेतात गाठलं. तो कुंपणाची तार ओढत होता. मावशीनं टॉवेल दाखवला. त्यानं तार सोडली नाही.

"त्या पेट्या आमच्या बापाच्या," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एका दमात इतके शब्द निघालेले मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "पहिल्या दोन त्यानं आणल्या. रेमंडनं वाढवल्या. विमानानं मारलेलं औषध काय करतं ते मी बघितलंय. सकाळी पेटीपुढं माशांचा ढीग पडतो."

"मग जाऊन द्यायचास बॉक्स. चोरून कशाला?" मावशी म्हणाली.

"दिला असता तर त्यानं घेतला नसता."

"अर्लीनला तरी सांगायचंस. तिनं पोलीस बोलावले, तू कॉफी पीत उभा राहिलास."

लुमीरनं विचार केला. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण ती आधी फोनवर होती, मग फारच फोनवर होती."

"अहो, वेड तुरुंगात जात होता," मी म्हटलं.

त्यावर त्याचा चेहरा खरंच पडला. "ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी येतो. मी सांगतो तुमच्या शेरीफला." मग जरा थांबून, "अर्लीनला कोण सांगणार?"

माझ्या पट्ट्याला बंदूक आहे. मावशीकडे नाही. तरी आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि टॉवेल टेबलावर ठेवला, आत आस तसाच. बाकी काही सांगितलं नाही. अर्लीननं टॉवेल बघितला. आस बघितला. खिडकीतून शेतातल्या नवऱ्याकडे बघितलं. तेलाचा डाग अंगठ्यानं घासून बघितला आणि म्हणाली, "हा आता निघायचा नाही."

मग खुर्चीवर बसली. तिनं विचारलं, "पेट्या किती आहेत?"

"चाळीस."

"आणि रेमंड आणि बेव्ह दोघंच उचलणार? तिची कंबर गेलीय." आम्हाला कळलं की अकरा वर्षं ती जावेच्या कमरेची खबर ठेवून होती.

शेरीफसाहेबांना मी फोन केला. सांगितलं, मालकानं स्वतःची वस्तू स्वतःच्या भावाला दिली आणि बायकोला सांगायला विसरला. ते म्हणाले, यात गुन्हा कुठला? मी म्हटलं, तेच मी दोन दिवस शोधत होतो.

६

गुरुवारी पहाटे, उजाडता उजाडता, अर्लीनची गाडी कालव्यावर आली. लुमीर पुढं बसलेला, मागच्या सीटवर कोलाचचे तीन ट्रे. मी आणि मावशी आधीच तिथं होतो, पेट्यांची दारं जाळीनं बंद करत. सहा वेळा चावून घेतलं होतं मी.

रेमंडनं भावाकडे बघितलं. लुमीरनं पेट्यांकडे. मग दोघांनी पहिल्या पेटीचे दोन कान धरले आणि ती उचलून ट्रेलरवर ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी. अर्लीननं बेव्हच्या हातातून दोर काढून घेतला आणि म्हणाली, "तू बस. मी बांधते. काही खाल्लंयस का?" बेव्ह बसली. एवढंच झालं आणि त्या दोघींचं संपलं.

साडेसहाला चाळिसावी पेटी चढली. दूरवर विमानाचा आवाज यायला लागला होता. रेमंड गाडीत बसला, इंजिन चालू केलं, आणि काच खाली केली.

"तिसरा अडकतो," तो म्हणाला.

लुमीर उभा होता तिथंच राहिला.

"दुसऱ्यातून तिसरा टाकताना अडकतो," रेमंड म्हणाला. "तुझी गाडी नवी घेतली तेव्हा दुकानातून घरी मीच चालवत आणली होती. तेव्हाही अडकत होता. मंगळवारी संध्याकाळी वेडच्या शेडमधून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर तिसरा टाकला, तेव्हाच कळलं."

"कळलं होतं, मग मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "मी तुमची गाडी जप्त करणार होतो."

"त्याला सांगायचं नव्हतं," रेमंड म्हणाला. "म्हणून मी नाही सांगितलं."

लुमीर गाडीला वळसा घालून गेला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसला. "जरा डावीकडे दाबून धरावा लागतो," तो म्हणाला. "मग पुढं. तू क्लच दाब, मी टाकतो."

दहा हजार पाउंडांचा ट्रेलर घेऊन गाडी हळूहळू कच्च्या रस्त्यावर आली. पहिला. दुसरा. चढावर इंजिनाचा आवाज पडला, मागच्या काचेतून दोन टोप्या एकाच वेळी पुढं झुकलेल्या दिसल्या, आणि मग तिसरा पडला. कटकट न होता.

मागोमाग अर्लीनची गाडी निघाली, बेव्ह तिच्या शेजारी. मावशी गाडीत बसून मधाचं फडकं माझ्या मानेवर दाबत होती.

"चढावर अजून दोनदा गिअर बदलायचा आहे त्यांना," ती म्हणाली. "आपणही सावकाशच जाऊ."